गोल घुमटांतील वरचें थडगें व खालचें थडगें

पुण्याहून सातार्‍यास जाणारा हमरस्ता जेथें नीरा नदी ओलांडतो तेथें उत्तर तीरावर सारोळें व पलीकडे थोड्या अंतरावर शिरवळ आहे. सारोळें भोर तालुक्यांतलें, शिरवळ सातारा जिल्ह्यांतलें. मोटारींतून जाणारास हा पूल केव्हां आला व केव्हां मागें पडला हें कळतही नाहीं. परंतु ज्यानें मावळचीं जुनीं दप्तरें चाळलीं आहेत त्याचें पाऊल येथें थबकतें. शिरवळचा सुभानमंगळ कोट १६४८ सालीं फत्तेखानाच्या स्वारींत आदिलशाही सैन्याच्या हातीं गेला व शिवाजी महाराजांच्या लोकांनीं लढून तो परत घेतला, ही हकीकत शिवभारतांत आली आहे. त्या सुमारास या नदीच्या दोन्ही अंगांच्या वतनदारांपुढें एकच पेंच होता: विजापुरच्या पादशहाचा हुकूम मानावयाचा कीं शहाजीराजांच्या पुत्राचा? हा पादशहा म्हणजे महंमद आदिलशहा. त्याच्या कारकीर्दीचे कागद वाचतां वाचतां आमचे डोळे शिणले. परंतु तो जेथें पुरला आहे ती जागा आम्हीं पाहिली नव्हती. गेल्या हिवाळ्यांत तो योग आला. सारोळ्याहून पुणें व तेथून आगगाडीनें सोलापुरावरून विजापूर, असा प्रवास झाला. या शहराचें सरकारी नांव २०१४ पासून विजयपुर असें झालें आहे; कागदांतलें जुनें नांवच आम्ही पुढें वापरतों.

प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतु नाहीं. त्या इमारतींत आमच्या हातून एक चूक झाली. तशीच चूक जुन्या कागदांच्या बाबतींत आम्ही संग्राहक मंडळी नित्य करीत असतों. ती नजरेस आणावी एवढ्याचसाठीं हें लिहीत आहों.

गोल घुमटाची थोरवी सर्वांस ठाऊक आहे. आंतील चौकाची प्रत्येक बाजू १३५ फुटांहून थोडी अधिक, म्हणजे एका घुमटाखालीं अठरा हजार चौरस फुटांहून अधिक मोकळी जमीन. मध्यें एकही खांब नाहीं. घुमटाचा आंतला व्यास सुमारें १२४ फूट. चार कोपर्‍यांस सात सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे असून त्यांतील जिन्यांनीं वर गेलें म्हणजे जमिनीपासून सुमारें ११० फुटांवर घुमटाच्या आंतून फिरणारा सज्जा लागतो. तेथें टाळी वाजविली असतां ती पुनः पुनः ऐकूं येते. येणारांपैकीं बहुतेक लोक यासाठींच येतात, व टाळ्या वाजवून आणि आरोळ्या ठोकून परत जातात. पुरलेल्या माणसांच्या डोक्यावर हा गलबला दिवसभर चालू असतो.

संशोधकास थांबावयाचें असेल तर त्यानें दक्षिण दरवाजापाशीं थांबावें. तेथील फारसी लेखांत तीन छोटीं वाक्यें असून प्रत्येकांतून महंमद आदिलशहाच्या मृत्यूचें हिजरी वर्ष निघतें. त्यांपैकीं एकाचा पडताळा येथें देतों, कारण ही रीत आपल्याकडील पुष्कळांस परिचयाची नाहीं. वाक्य असें: ‘आकिबत महंमद महमूद शुद’, म्हणजे महंमदाचा शेवट स्तुत्य झाला. अरबी अक्षरांस ठरलेल्या किंमती आहेत. पहिल्या शब्दांतील ऐन ७०, अलिफ १, काफ १००, बे २, ते ४००, मिळून ५७३. महंमद या नांवांत मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४, मिळून ९२. जोडमीम एकदांच धरावयाचा. महमूद म्हणजे ४०, ८, ४०, वाव ६ व ४, मिळून ९८. शुद म्हणजे शीन ३०० व दाल ४, एकूण ३०४. सर्वांची बेरीज १०६७. हिजरी १०६७ हें वर्ष ऑक्टोबर १६५६ मध्यें लागलें आणि पादशहा वारला तो ४ नोव्हेंबर १६५६ रोजीं, म्हणजे वर्ष लागून एक महिनाही झाला नव्हता. लेख करणारानें सरत्या वर्षाचा आंकडा चुकून घातला नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आंत गेल्यावर मध्यभागीं एक उंच चौथरा आहे. त्यावर लांकडी छत्रीखालीं सहा थडगीं पूर्वपश्चिम ओळीनें मांडलेलीं आहेत. पूर्वेकडून पाहतां प्रथम पादशहाचा नातू, मग धाकटी बेगम अरूस बीबी, मग स्वतः पादशहा, त्याच्यापुढें रंभा नांवाची नर्तकी, मग मुलगी व शेवटीं थोरली बेगम, असा क्रम सांगतात. ज्या पंक्तींत थोरल्या बेगमेस टोंक आणि नर्तकीस पादशहाची बाजू मिळाली, तिचा अर्थ वाचकांनींच लावावा. रंभेनें प्रेमाची परीक्षा म्हणून सज्जावरून उडी टाकली, अशी कथा वाटाडे हौसेनें सांगतात. ती गोष्टीच्या सदरांत घालावी, इतिहासाच्या नव्हे.

आम्हीं वही काढून क्रम टिपला व पादशहाच्या थडग्यासमोर ‘महंमद आदिलशहा येथें पुरला आहे’ असें लिहिलें. हीच ती चूक. त्या चौथर्‍यावर कोणीही पुरलेलें नाहीं. खरीं सहा थडगीं त्याच्या बरोबर खालीं, तळघरांत, जमिनीच्या पोटांत आहेत. तेथें उतरण्याचा जिना पश्चिम दरवाजाखालून आहे. वरचे दगड खालच्या थडग्यांच्या नुसत्या खुणा होत. हेन्री कझेन्स यानें १९१६ सालीं छापलेल्या विजापुरच्या इमारतींवरील ग्रंथांत हें स्पष्ट लिहून ठेविलें आहे, आणि तो ग्रंथ आम्हीं पूर्वीं वाचलाही होता! तथापि डोळ्यांपुढें दगड दिसला कीं वाचलेलें विसरतें. आम्ही गेलों त्या दिवशीं तळघराचें दार बंद होतें. बाहेर उभें राहून आम्हीं वहींतलें वाक्य खोडलें.

अशी दुहेरी मांडणी कां करितात? इस्लामी रीतीप्रमाणें प्रेत मातींतच ठेवावें लागतें. आपल्या देशांत डोकें उत्तरेस व तोंड पश्चिमेस, मक्केच्या दिशेस, करून निजवितात. इमारतीचा ओटा माणसाहून उंच बांधावयाचा आणि प्रेत तर जमिनींत हवें, अशा वेळीं ओट्याच्या पोटांत खोली ठेवून तींत खरी कबर बांधावयाची व वरच्या फरशीवर तिचीच प्रतिमा मांडावयाची, हाच सोपा मार्ग. वरची जागा येणारांजाणारांची, कुराण वाचणारांची; खालची फक्त मृताची. ताजमहालांत हीच रीत आहे. तेथील खालचीं खरीं थडगीं शहाजहानच्या उरुसाचे दिवस सोडले तर लोकांस पाहावयास मिळत नाहींत. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, बिबीच्या मकबर्‍यांत मात्र मधली फरशीच मोकळी ठेविली आहे; १६५७ सालीं वारलेल्या दिलरसबानूची खरी कबर वरून, संगमरवरी जाळीच्या आंत वांकून पाहावी लागते. तिचा पति औरंगजेब स्वतः खुलदाबादेस उघड्यावर मातींत निजला आहे. त्यास वरही नाहीं व खालही नाहीं.

सारोळ्याच्या वाटेनेंच पुढें सातार्‍यास गेलें तर सज्जनगडावर याच्या उलट प्रकार दिसतो. समर्थ रामदासांनीं शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस देह ठेविला. त्यांच्या समाधीवर राममंदिर उभें आहे व समाधि खालीं आहे. परंतु तेथें प्रत्येक यात्रेकरू पायर्‍या उतरून खालीं जातोच. वर राम व खालीं समर्थ, दोन्हीं दर्शनें झाल्यावांचून यात्रा पुरी होत नाहीं. विजापुरास लोक वर, आणखी वर, सज्जापर्यंत चढतात. खालीं कांहीं आहे याची बहुतेकांस वार्ताही नसते.

विजापुरासच याचा तिसरा मासला आहे. शहराच्या पश्चिमेस अफझलखानानें आपल्या हयातींतच स्वतःसाठीं कबरीची इमारत बांधविली. तिचा धनी प्रतापगडाखालीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं मारला गेला व तेथेंच पुरला गेला. म्हणजे येथें वरचें आहे पण खालचें नाहीं. जवळच एका ओट्यावर ओळींनीं स्त्रियांचीं साठांवर थडगीं आहेत. स्त्रीचें थडगें वरून सपाट असतें व पुरुषाच्या थडग्यावर कलमदानासारखा उंचवटा असतो, यावरून तें ओळखतां येतें. खानानें स्वारीस निघण्यापूर्वीं आपल्या सर्व बायका मारल्या, ही लोककथा या ओळींवरूनच उठलेली दिसते. ओळी खर्‍या, थडगीं खरीं. कथा मात्र दगडानें सांगितलेली नव्हे, पाहणारानें जोडलेली आहे. याच स्वारींत खानास मिळण्याविषयीं अली आदिलशहानें कारीच्या कान्होजी जेध्यांस १६ जून १६५९ चें फर्मान पाठविलें होतें. कारी हा गांव सारोळ्याच्याच तालुक्यांत आहे. कान्होजींनीं कोणता पक्ष धरिला तें सर्वविदित आहे. फर्मान धाडणारा अली अर्ध्या राहिलेल्या बारा कमानींच्या इमारतींत पुरला आहे.

आतां कागदाकडे वळतों. वरचा दगड म्हणजे तालीक व खालची कबर म्हणजे अस्सल, असें म्हटलें तर वाचकांस आमचें म्हणणें लागलेंच कळेल. तालीक खोटी नसते. ती अस्सलाची खूण असते. पण तिलाच अस्सल समजून मिती ठरविली कीं घोंटाळा होतो, आणि अफझलखानाच्या कबरीप्रमाणें जिच्या खालीं कधींच अस्सल नव्हतें अशी तालीकही असूं शकते. उदाहरण म्हणून महंमद आदिलशहाच्या मृत्यूचेंच वर्ष घेऊं. दारावर हिजरी १०६७. त्याच दिवशीं नीराकाठच्या एखाद्या मराठी कागदावर सन लिहिला गेला असता तो ‘सबा खमसैन व अलफ’, म्हणजे शुहूर १०५७. शुहूर सनाचीं वर्षें सौर असून तीं मृगास बदलतात. हिजरीचीं चांद्र असून अकरा दिवसांनीं लहान. हिजरी ७४५ च्या सुमारास, म्हणजे १३४४ सालीं, दोन्हीं सन जुळलेले होते. तीनशें बारा वर्षांत बरोबर दहांचें अंतर पडलें. त्यांत मराठी कागदांत ‘छ’ म्हणून येणारा चंद्र मुसलमानी महिन्याचा व सन मात्र शुहूर, अशी मिसळ असते. अस्सलांत अरबी शब्दांनीं लिहिलेला सन तालीक करणारानें नुसत्या आंकड्यानें उतरला आणि वाचणारानें मोहरमाचा चंद्र पाहून तो हिजरी धरला, कीं १६५६ चा कागद १६४७ मध्यें जाऊन बसतो.

दहा वर्षांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. या दहा वर्षांत काय काय झालें तें पाहावें. शहाजीराजे २५ जुलै १६४८ रोजीं कैद झाले व १६ मे १६४९ रोजीं सुटले. शिरवळची लढाई याच गडबडींतली. जानेवारी १६५६ मध्यें जावळी पडली. नोव्हेंबरांत पादशहा वारला. एखादा देशमुख शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून मिरासीचा निवाडा मान्य करीत आहे असा कागद जर १६४७ चा ठरला, तर तो माणूस सर्वांआधीं, धोका पत्करून आलेला ठरतो. १६५६ चा ठरला तर जावळीचा निकाल पाहून आलेला. एका घराण्याची अब्रू व स्वराज्याच्या आरंभाचा क्रम हीं दोन्हीं त्या एका आंकड्यावर टांगलेलीं असतात. आमच्याच टिपणवहींत अशी एक नोंद वर्षभर चुकीची राहिली होती. शिक्का पुन्हां तपासल्यावर ती उमगली. शिक्का नसता तर राहिलीच असती.

विजापुरांत अस्सलांचें काय झालें हेंही येथें नमूद करावें. १६८६ च्या सप्टेंबरांत औरंगजेबानें शहर घेतलें. आदिलशाही ग्रंथसंग्रहापैकीं जें आसार महालांत उरलें होतें तें १८५३ सालीं लंडनास इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत गेलें, व आज तें ब्रिटिश लायब्ररींत आहे. गोल घुमटासमोरच्या नगारखान्यांत १८९२ पासून वस्तुसंग्रहालय आहे. घुमट पाहण्यास जाणारानें अर्धा दिवस त्यासाठीं राखावा.

भोर, वेल्हें व शिरवळ या बाजूंच्या ज्या घरांतून शुहूर १०४७ ते १०५७ या अवधींतील, किंवा नुसत्या आंकड्यानें सन दिलेले, कागद असतील त्यांच्या मालकांस विनंति कीं, त्यांनीं मूळ कागद कोठेंही न पाठवितां त्याचा मथळा, सनाची ओळ, चंद्र व शिक्का यांचें छायाचित्र मात्र मंडळाकडे धाडावें. तालीक असेल तर ती कोणी व केव्हां केली याची पाठीमागची नोंदही सोबत घ्यावी. ती पुष्कळदां घडीच्या आंतल्या अंगास असते व उलगडल्याशिवाय दिसत नाहीं.