युद्धपूर्व ब्लूज ध्वनिमुद्रिकांचा संग्रह

युद्धपूर्व ब्लूज ध्वनिमुद्रिकांचा संग्रह म्हणजे अमेरिकेत साधारणतः १९२० ते १९४२ या काळात आफ्रिकी-अमेरिकन कलावंतांनी गायिलेल्या ब्लूज गीतांच्या मूळ तबकड्या शोधणे, जतन करणे व त्यांवरून संकलने प्रसिद्ध करणे. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या असत. हा छंद काही मोजक्या व्यक्तींनी सुरू केला. पण कित्येक गीतांचे मूळ साचे नष्ट झाल्यामुळे त्याला अभिलेखागाराचे महत्त्व प्राप्त झाले. अनेक गीते आज केवळ एखाद-दुसऱ्या उरलेल्या तबकडीवरूनच ऐकता येतात.

संज्ञा

'क्लासिक ब्लूज' ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. संगीताच्या इतिहासात ती मा रेनी, बेसी स्मिथ आदी गायिकांनी १९२० च्या दशकात रंगमंचावरून लोकप्रिय केलेल्या शैलीसाठी रूढ आहे. सर्वसाधारण व्यवहारात मात्र जुन्या काळातील कोणत्याही नामांकित ब्लूज गीताला तसे म्हटले जाते. गिटारच्या साथीने एकट्याने गायिलेल्या ग्रामीण शैलीला 'कंट्री ब्लूज' म्हणतात. संग्राहकांचा ओढा मुख्यतः हिच्याकडे राहिला.

पार्श्वभूमी

मेमी स्मिथ या गायिकेने १० ऑगस्ट १९२० रोजी ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्याच्या अनपेक्षित खपामुळे कृष्णवर्णीय ग्राहकांची स्वतंत्र बाजारपेठ कंपन्यांच्या ध्यानात आली आणि 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने वेगळ्या मालिका निघू लागल्या. एका तबकडीची किंमत सामान्यतः ७५ सेंट असे. शेतमजुराच्या घरात ही चैनीचीच वस्तू होती, आणि ती झिजेपर्यंत वाजवली जाई.

या व्यवसायातील पॅरामाउंट ही कंपनी विशेष उल्लेखनीय आहे. विस्कॉन्सिन राज्यातील एका खुर्च्यांच्या कारखान्याची ती शाखा होती. कारखान्यात फोनोग्राफची लाकडी कपाटे बनत, त्यांच्या विक्रीला पूरक म्हणून तबकड्या निघाल्या. संगीताविषयी मालकांना फारशी आस्था नव्हती, तबकड्यांचा मालही हलका असे. तरीही चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स, ब्लाइंड लेमन जेफरसन आणि मा रेनी यांचे गायन याच कंपनीमुळे टिकले. मिसिसिपीतील जॅक्सन शहराचे दुकानदार एच. सी. स्पीअर हे दक्षिणेतील गायक हेरून अशा कंपन्यांकडे पाठवीत.

तबकड्यांचा नाश

१९२९ नंतरच्या आर्थिक मंदीत हा बाजार कोसळला. पॅरामाउंटने १९३२ मध्ये ध्वनिमुद्रण थांबवले. पुढे तिचे धातूचे साचे मोडीत गेले. ग्राफ्टन येथील कामगारांनी उरलेल्या तबकड्या मिलवॉकी नदीत भिरकावल्या अशी आख्यायिका आहे. पाणबुड्यांकरवी नदीचा तळ शोधूनही काही हाती लागले नाही. मंदीच्या वर्षांत निघालेल्या तबकड्या मुळातच अत्यल्प खपल्या होत्या. परिणामी कलावंताची सर्वोत्तम गीते आणि सर्वांत दुर्मिळ तबकड्या अनेकदा एकच असतात.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक घाव घातला. या तबकड्यांच्या मिश्रणातील बंधक द्रव्य म्हणजे लाख, आणि तिचा मोठा पुरवठा भारतातून होई. जहाजवाहतूक विस्कळीत झाल्यावर अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये तबकड्यांसाठी लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यांतून नव्या तबकड्या काढल्या गेल्या. त्या दळणात नेमके काय गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

संग्राहकांची पहिली पिढी

आरंभीचे संग्राहक जॅझच्या तबकड्या गोळा करीत आणि ग्रामीण ब्लूजला किरकोळ समजत. हा दृष्टिकोन बदलण्यात जेम्स मॅक्यून यांचा वाटा मोठा होता. ब्रुकलिनमधील वायएमसीएच्या एका खोलीत राहणाऱ्या मॅक्यून यांचा संग्रह काही शेकडा तबकड्यांचाच होता व तो पलंगाखालच्या खोक्यांत मावे. १९४४ मध्ये त्यांना न्यू यॉर्कच्या एका दुकानात चार्ली पॅटन यांची तबकडी मिळाली, आणि पुढे त्यांच्या आवडीनिवडीवर संग्राहकांची एक पिढी घडली. 'ब्लूज माफिया' हे या मंडळींना थट्टेने पडलेले नाव.

१९६० च्या दशकात शोधाचे क्षेत्र दुकानांकडून घरांकडे वळले. गेल डीन वॉर्डलो मिसिसिपीतील कृष्णवर्णीय वस्त्यांत दारोदार फिरून जुन्या तबकड्या विकत घेत. मेरीलँडचे जो बसार्ड यांनी अशाच भटकंतीतून हजारो तबकड्यांचा संग्रह उभा केला. ज्या घरांनी हे संगीत तीस-चाळीस वर्षे सांभाळले, त्यांना मिळणारा मोबदला मात्र बहुधा चिल्लर नाण्यांचाच असे. संग्रहाच्या इतिहासात खरेदीदारांची नावे आहेत, विकणाऱ्यांची जवळजवळ नाहीत.

संकलने

संग्राहकांच्या कपाटातील गाणी सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचली ती दीर्घवादन तबकड्यांमुळे. हॅरी स्मिथ यांनी स्वतःच्या संग्रहातून निवडलेल्या ८४ ध्वनिमुद्रणांचे 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' हे संकलन फोकवेज कंपनीने १९५२ मध्ये काढले. त्यात गायकांचा वर्ण कोठेही नमूद केलेला नव्हता. अमेरिकेतील तत्कालीन वर्णभेद ध्यानात घेता ही साधी गोष्ट नव्हे.

सॅम्युएल चार्टर्स यांचे 'द कंट्री ब्लूज' हे पुस्तक आणि त्याच नावाची तबकडी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. चार्टर्स यांची निवड अधिक खपलेल्या कलावंतांकडे झुकली आहे, असा आक्षेप घेत पीट व्हेलन व बिल गिव्हन्स यांनी ओरिजिन जॅझ लायब्ररी ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. तिचे पहिलेच प्रकाशन चार्ली पॅटन यांना वाहिलेले होते. पाठोपाठ १९६१ मध्ये कोलंबियाने रॉबर्ट जॉन्सन यांची सोळा गीते 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' या नावाने आणली; इंग्लंडमधील तरुण रॉक वादकांवर तिचा खोल परिणाम झाला. निक पर्ल्स यांच्या याझू या संस्थेने पुढे दुर्मिळ गीतांची सुबक संकलने काढली. व्हिएन्नाच्या योहान पार्थ यांनी डॉक्युमेंट रेकॉर्ड्सद्वारे वेगळा मार्ग धरला: चांगले-वाईट न निवडता प्रत्येक कलावंताचे सर्व उपलब्ध ध्वनिमुद्रण कालानुक्रमे द्यायचे. ऐकायला ही मालिका कधीकधी कंटाळवाणी होते; अभ्यासकाला तिच्यावाचून गत्यंतर नाही.

संकलनांचा एक परिणाम कोणी कल्पिला नव्हता. १९२८ च्या 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' या गीतातील गावाच्या नावावरून १९६३ मध्ये मिसिसिपी जॉन हर्ट यांचा पत्ता लागला. पुढच्याच वर्षी स्किप जेम्स व सन हाउस सापडले. तिघेही पुन्हा गाऊ लागले.

सूची आणि ध्वनी

जॉन गॉड्रिच व रॉबर्ट डिक्सन यांनी तयार केलेली ब्लूज व भक्तिगीतांची ध्वनिसूची १९६४ पासून संग्राहकांचा आधारग्रंथ ठरली आहे. तबकडीचा क्रमांक, साच्याचा क्रमांक, तारीख आणि साथीदार तीत दिलेले असतात, त्यामुळे काय अजून सापडलेले नाही हेही कळते. विली ब्राउन यांची 'किकिन इन माय स्लीप ब्लूज' ही तबकडी त्या यादीत आहे, पण तिची एकही प्रत उपलब्ध नाही. सन हाउस यांची 'क्लार्क्सडेल मोन' तर पंचाहत्तर वर्षांनी मिळाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. टॉमी जॉन्सन यांच्या एका तबकडीला २०१३ मध्ये ३७,१०० डॉलर मिळाले.

पुनःप्रकाशनात सुईची निवड निर्णायक असते. खाचेचा वरचा भाग झिजला असेल तर वेगळ्या जाडीची सुई खाचेच्या न झिजलेल्या भागावर टेकवून स्वच्छ आवाज मिळवता येतो. खरखर यंत्राने फार पुसली की आवाजाची धारही जाते, म्हणून जाणकार थोडी खरखर राहू देतात. मूळ गतीही नेहमी अचूक ७८ नसे. गती चुकली की सूर आणि लय दोन्ही बदलतात.

अभिरुचीचा वाद

दुर्मिळता हीच गुणवत्ता मानण्याच्या प्रवृत्तीमुळे ब्लूजचा इतिहास एकांगी झाला, अशी टीका होते. एलायजा वॉल्ड यांनी 'एस्केपिंग द डेल्टा' (२००४) मध्ये आणि मेरीबेथ हॅमिल्टन यांनी 'इन सर्च ऑफ द ब्लूज' (२००७) मध्ये हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे. कृष्णवर्णीय ग्राहकांनी स्वतःच्या पैशांनी सर्वाधिक विकत घेतलेल्या बेसी स्मिथ, लेरॉय कार यांसारख्या कलावंतांपेक्षा, हयातीत फारसे न खपलेले एकाकी गिटारवादक गौरेतर संगीताचे 'अस्सल' प्रतिनिधी ठरले. ही निवड प्रामुख्याने गौरवर्णीय पुरुष संग्राहकांची होती. टीका रास्त आहे. मात्र गीशी वायली यांचे 'लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज' त्याच मंडळींच्या हट्टामुळे आज ऐकता येते, हेही तितकेच खरे.

मोबदला आणि हक्क

बहुतेक गायकांना प्रत्येक गीतामागे ठरावीक रक्कम एकदाच मिळे. खपावरील मानधनाचा प्रश्नच नसे. आरंभीची अनेक संकलने हक्कदारांच्या परवानगीविना निघाली. अमेरिकेच्या २०१८ च्या संगीतविषयक कायद्यानुसार १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाली, तर १९२३ ते १९४६ मधील ध्वनिमुद्रणांना प्रकाशनापासून शंभर वर्षांचे संरक्षण आहे. त्यामुळे पॅटन यांची १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेली गीते २०३० च्या आरंभी सर्वांसाठी खुली होतील.