लाखोळी : दुष्काळात पोट भरणारी, पाय नेणारी



अमरावती-अकोल्याकडे लाखोळी शेतात फारशी दिसत नाही. आपली जमीन काळी, पिकं तुरीची आणि हरभऱ्याची. लाखोळी भंडारा-चंद्रपूरकडची. धान उभं असतानाच ओल्या बांधीत बी फेकायचं, ना नांगरट ना खत. पण तुरीच्या डाळीत किंवा बेसनात मिसळून ती आपल्याही घरात येऊ शकते, म्हणून तिचा इतिहास ठाऊक असावा.

सागर जिल्ह्यात १८२९ साली गारपिटीने गहू गेला. १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं तगली ती लाखोळीच. तिकडे तिला तिवडा म्हणतात. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ साली तिशीच्या आतली धडधाकट माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबाने हे लिहून ठेवलं आहे.

पुढे १८९६ पासूनच्या दुष्काळांत मध्य प्रांतात हेच झालं. बुकॅनन या सरकारी डॉक्टराने त्यावर अहवाल लिहिला. (आपला वऱ्हाड त्या प्रांताला जोडला गेला १९०३ साली.) रेवा भागात तर मजुरीच लाखोळीच्या रूपात मिळे. मालकाच्या ताटात गहू, मजुराच्या ताटात लाखोळी. मग लंगडं कोण होणार?

विष नेमकं सापडलं १९६४ साली, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. त्याला ओडॅप म्हणतात. ते पाय चालवणाऱ्या मज्जापेशींना वाजवीपेक्षा जास्त चेतवून मारतं. पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर चालतो, मग काठी लागते. यावर औषध नाही. एखाद्या वेळच्या वरणाने असं होत नाही. दोन-तीन महिने मुख्य अन्न तेच असेल तर होतं.

१९६१ साली केंद्राने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. नंतर संशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण काढले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर विष बरंच उतरतं, सगळं नाही.

अख्खा दाणा ओळखता येतो : गोल नसतो, पाचरीसारखा कोनेदार, मातकट. डाळ झाल्यावर तुरीत ओळखणं कठीण, आणि पिठात तर नाहीच. बेसन घरच्या हरभऱ्याचं दळून आणलेलं बरं.