गंगाथडीच्या गाळांतील शिंपल्यांची साक्ष

राक्षसभुवन हें नांव आमच्या वाचकांस परिचयाचें आहे. ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं तेथें झालेल्या लढाईच्या वेळीं निजामाचें कांहीं सैन्य गोदावरी उतरून पैलतीरीं गेलें होतें, दक्षिणतीरीं विठ्ठल सुंदर पडला, आणि मध्यें पुराचें पाणी असल्यामुळें निजामास त्याच्या साह्यास येतां आलें नाहीं. नदीची त्या दिवसाची स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून या लढाईचा उलगडा होत नाहीं. परंतु ज्या काळचा एकहि कागद उपलब्ध नाहीं, त्या काळीं याच नदीचें पाणी कसें होतें व तिच्या कांठीं मनुष्य कसा राहत होता, हें कशावरून जाणावें? त्याचें एक साधन नदीकांठच्या जुन्या गाळांत पुरलेलें असतें. तें म्हणजे शिंपले.

अमरकोशाच्या वारिवर्गांत शंख, शुक्ति, शंबूक यांचीं नांवें आलीं आहेत. पण कोणता जीव कोणत्या पाण्यांत राहतो हें सांगण्याचें कोशकारास प्रयोजन नव्हतें. आम्हांस तोच भेद मुख्य होय. ‘लॅमेलिडेन्स’ जातीचा मोठा शिंपला संथ पाण्यांत, चिखलाच्या तळाशीं वाढतो. ‘पॅरेसिया’ वाळू व बारीक खडी असलेल्या वाहत्या पाण्यांतहि टिकतो. ‘लिम्निया’ व चपट्या वेटोळ्याची ‘इंडोप्लॅनॉर्बिस’ या गोगलगाई शेवाळानें भरलेल्या डबक्यांच्या, तर ‘झूटेकस’ ही कोरड्या जमिनीवरची. एकाच दरडींत खालच्या थरांत पहिली जात व वरच्या थरांत शेवटची मिळाली, तर त्या जागेवरून पाणी हटत गेलें असा तर्क करण्यास आधार मिळतो.

शिंपल्याचीं दोन्ही कवचें एकमेकांस जडलेलीं असतील, तर तो जेथें मेला तेथेंच पुरला गेला. तो फळ्यांसह बांधून ठेविलेल्या पोथीप्रमाणें समजावा. झिजलेला, फुटका तुकडा हें सुटें पान. पुरानें तें कोठूनहि आणलेलें असूं शकतें. याहून सूक्ष्म वाचनहि होतें. पाणी आटूं लागलें म्हणजे हलक्या प्राणवायूचा अंश आधीं उडून जातो व जड मागें राहतो; तें प्रमाण शिंपल्याच्या चुन्यांत उतरतें. वाढीच्या रेषांवरून क्रमानें चूर्ण घेऊन तपासल्यास एकाच जीवाच्या आयुष्यांतले पावसाळे व उन्हाळे निरनिराळे ओळखतां येतात.

आतां मनुष्याकडे वळूं. पैठणनजीक मुंगी येथें गोदावरीच्या जुन्या खडींत भूस्तरखात्याचे वाइन यांस १८६५ सालीं अकीकाचा एक छिलका सांपडला. ओल्डहॅम यांनीं १८६८ सालीं त्याच खात्याच्या नियतकालिकांत त्याविषयीं लिहिलें. पल्लावरम् येथें फूट यांस पाषाणहत्यार मिळून तेव्हां अवघीं दोन वर्षें झालीं होतीं. मुंगीहून खालीं वाहणारी गोदावरीच पुढें बीड जिल्ह्याची उत्तर सीमा होते. जिल्ह्याच्या दक्षिणेस मांजरेचें खोरें आहे. त्याचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं केला व १९८१ सालीं प्रसिद्ध केला. या खोऱ्याच्या गाळांत हत्ती व पाणघोडा यांचे अश्मीभूत अवशेष मिळाले आहेत. पाणघोड्यास बारमाही डोह लागतो. आजची मांजरा उन्हाळ्यांत ठिकठिकाणीं कोरडी पडते. तरी केवळ हाडावर भिस्त ठेवूं नये. हाड पुराबरोबर दूर जातें. जोडकवचाचा शिंपला सहसा जात नाहीं. दोघांची साक्ष जुळली तरच डोह खरा.

शिंपल्याच्या ठायीं रूपें दिसणें हा वेदान्त्यांचा आवडता दृष्टान्त आहे. आम्हां संग्राहकांस होणारा भ्रम त्याच जातीचा : शिंपल्यांच्या थराजवळ छिलका दिसला कीं मनुष्यानें शिंपले खाल्ले असें म्हणून मोकळें व्हावयाचें! एकाच आकाराचे, जळाल्याच्या खुणा असलेले शिंपले राख व छिलक्यांसह एकत्र मिळाले, तर ती गोष्ट विचारार्ह. एरवीं तो नदीचाच संचय. कालनिर्णयांतहि सावधपणा हवा. कर्बाच्या पद्धतीनें सुमारें ५० हजार वर्षांपर्यंतचेंच वय काढतां येतें, आणि आपल्या नद्यांच्या पाण्यांत चुनखडींतला जुना कर्ब विरघळलेला असल्यास शिंपला आहे त्याहून वृद्ध भासतो. उलट शिंपल्याचा मूळचा चुना मागाहून पालटला असल्यास तो तरुणहि ठरेल.

या सर्वांस मूळ थर शाबूत पाहिजे, आणि तोच नाहींसा होत आहे. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें व पैठणच्या वरचा विस्तीर्ण गोदाकांठ पाण्याखालीं गेला. खालीं गोदावरी व सिंदफणा यांच्या पात्रांतून वाळू उपसली जाते आणि दरडी ढांसळतात. म्हणून जुन्या पोथ्यांच्या शोधांत गंगाथडीचीं गांवें हिंडणाऱ्या आमच्या मित्रांस एवढीच विनंति कीं, दरडींत शिंपले दिसल्यास ते उपटूं नयेत. प्रथम संपूर्ण दरडीचें छायाचित्र घ्यावें, वरच्या कडेपासूनची खोली मोजावी, खालचा व वरचा थर कशाचा आहे तें लिहावें आणि मग जाणत्यास कळवावें.

हें आम्ही स्वानुभवानें लिहीत आहों. शिक्षकी करीत असतां सुटींत गोदातीरीं गेलों असतां आम्हीं ओंजळभर शिंपले वेंचून आणिले व रंगाप्रमाणें निवडून एका डब्यांत ठेविले. थराची नोंद केली नाहीं. तो डबा अद्याप आमच्यापाशीं आहे. गेल्या वर्षीं त्यावर चिठी लाविली. तिच्यावर “गोदातीर, थर अज्ञात” यापलीकडे आम्हांस कांहीं लिहितां आलें नाहीं.