हायकू : जपानी बीज, मराठी माती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी हायकू मराठीत रुजवण्याचे श्रेय आपण शिरीष पै (१९२९-२०१७) यांना देतो. रुजताना मात्र त्याचे रूप पालटले. मुळातील पाच-सात-पाच ध्वनिघटकांची मोजणी सैल झाली. तीन ओळी राहिल्या आणि जपानीत नसलेले यमक त्यांतील दोन ओळींना जोडले गेले. ओवी-अभंगांवर पोसलेल्या कानाची ती मागणी असावी, असे आम्हांस वाटते. ऋतुसूचक शब्दाचा संकेत मात्र आपण पुरेसा मनावर घेतला नाही. धामणगाव बढे (जि. बुलढाणा) येथील विद्यार्थ्याने चेरीचा बहर बहुधा पाहिलेला नसतो, फाल्गुनातला पळस पाहिलेला असतो. त्या पळसावर नजर क्षणभर ठरली, की बाशोशी (१६४४-१६९४) आपले नाते जुळते. यमक साधले आणि क्षण निसटला, तर उरतात नुसत्या तीन ओळी.