पदवीची ग्राह्यता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विद्यापीठीय प्रवास (१९१३ ते १९२७)

प्रस्तावना :

जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबई परिसरात शिक्षणसंकुले सुरू करण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. त्यासाठी नियोजित असलेली शिक्षणनगरी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या, म्हणजेच पनवेल तालुक्याच्या परिसरात आहे. त्याच वर्षी परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे विनियमही लागू झाले. एका विद्यापीठात झालेले अध्ययन दुसऱ्या विद्यापीठाने कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न त्यामुळे पनवेल परिसरातील महाविद्यालयांच्या दारात आला आहे. तथापि हा प्रश्न नवा नाही. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९१३ ते १९२३ या काळात मुंबई, न्यूयॉर्क, लंडन आणि बॉन असा जो विद्यापीठीय प्रवास केला, त्यात तो जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर उपस्थित झालेला दिसतो. त्यांच्या परदेशी शिक्षणाचे वर्णन बहुधा पदव्यांची यादी देऊन केले जाते. त्या पदव्यांच्या मागील नियमांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

न्यूयॉर्क :

१९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळविल्यानंतर आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट. मुंबईची बी.ए. कोलंबियाने पदव्युत्तर प्रवेशासाठी मान्य केली. अभ्यासक्रम निवडण्याची जी मुभा तेथे होती, तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. उपलब्ध नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक अभ्यासक्रम पूर्ण केला. १९१५ मध्ये त्यांना एम.ए. पदवी मिळाली आणि १९१६ पर्यंत पीएच.डी.च्या प्रबंधाचे लेखनही झाले.

पदवी मात्र हाती आली नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय कोलंबिया पीएच.डी. प्रदान करीत नसे. छपाईचा खर्च विद्यार्थ्यानेच करावयाचा होता. शिष्यवृत्तीवर गुजराण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही अट कोणत्याही परीक्षेपेक्षा कठीण होती, असे म्हणावे लागेल.

लंडन :

ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव नोंदविले. शुल्क दहा पौंड दहा शिलिंग होते. मॅकिंडर यांचे भूगोलाचे आणि हॉबहाऊस यांचे सामाजिक सिद्धान्ताचे वर्ग त्यांनी निवडले. त्याच सुमारास बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही ते दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची वाढीव मुदत जून १९१७ मध्ये संपली आणि बडोद्याचा करार समोर उभा राहिला. या टप्प्यावर लंडन विद्यापीठाने दिलेली चार वर्षांपर्यंतची रजा निर्णायक ठरली. ही सवलत कागदावर किरकोळ वाटते. ती नसती तर लंडनमधील आधीची नोंदणी व्यर्थ गेली असती. बडोद्यातील अपमानास्पद अनुभव, मुंबईस परत येणे, नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी, तेथील वेतनातून केलेली काटकसर, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, हे सारे त्या मुदतीच्या आत घडावयाचे होते. ते घडले, आणि १९२० मध्ये ते लंडनला परतले.

येथे एक विलक्षण विसंगती आढळते. कोलंबियातील प्रा. सेलिग्मन यांनी लंडनचे प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे आंबेडकरांची शिफारस केली होती. नोव्हेंबर १९२० मध्ये संस्थेच्या सचिवांना लिहिताना फॉक्सवेल यांनी, या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच घेतलेली असल्याने येथे त्यांना जिंकण्यासारखे आता काही उरलेले नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला. न्यूयॉर्कच्या दप्तरी ते अद्याप डॉक्टर नव्हते, लंडनच्या प्राध्यापकांच्या लेखी मात्र होते. आणि एवढे होऊनही लंडनच्या पदव्यांचा जिना त्यांना खालच्या पायरीपासूनच चढावा लागला. ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्ताच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधास १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली आणि त्यानंतर डी.एस्सी.चे काम पुढे आले. डॉक्टरेटच्या तोडीचा प्रबंध लिहून झालेला विद्यार्थी पुन्हा 'मास्टर' होतो, याचा अर्थ असा की विद्वत्तेविषयीचे मत आणि पदवीची ग्राह्यता या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ब्रिटनमध्ये पीएच.डी. ही पदवीच तेव्हा नवी होती. ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये स्वीकारली आणि लंडनने त्यानंतर. अमेरिकन डॉक्टरेट नेमकी कोणत्या पायरीवर ठेवावी याविषयी तेथे एकवाक्यता नसावी, हे स्वाभाविक होय.

बॉन :

जर्मन विद्यापीठात दाखल होण्याचा त्यांचा प्रयत्न तुलनेने कमी परिचित आहे. १९२१ मध्ये त्यांनी प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाकडे अर्ज केला आणि एप्रिल १९२२ मध्ये बॉन विद्यापीठात अर्थशास्त्रासाठी नाव नोंदविले. न्यूयॉर्कमध्ये घेतलेला जर्मनचा प्राथमिक अभ्यासक्रम येथे उपयोगी पडला असणार. या सुमारास जर्मन मार्कची किंमत झपाट्याने घसरत होती आणि पौंड बाळगणाऱ्यास तेथील वास्तव्य स्वस्त पडत होते. चलनाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी चलन कोसळत असलेल्या देशात नाव नोंदवितो, हा योगायोग अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखा आहे. परंतु प्रवेश मिळणे वेगळे आणि व्याख्यानांना प्रत्यक्ष हजर राहणे वेगळे. १९२२ मध्येच त्यांची बॅरिस्टरी पूर्ण झाली. डी.एस्सी.चा प्रबंध लंडनमध्येच पुरा व्हावयाचा होता. व्याख्यानांस उपस्थित न राहिल्याने जानेवारी १९२३ मध्ये बॉनच्या पटावरून त्यांचे नाव कमी करण्यात आले.

चार-पाच वर्षांनी इरावती कर्वे यांनी मुंबईच्या एम.ए. पदवीनंतर बर्लिनमध्ये सलग राहून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता, जर्मनीत परकीय पदवीपेक्षा वास्तव्याची अट अधिक निर्णायक होती असे दिसते. ही अट आजही नाहीशी झालेली नाही. भारतातील २०२१ च्या श्रेयांक बँक विनियमांतही, पदवी देणाऱ्या संस्थेतूनच निदान ५० टक्के श्रेयांक मिळविण्याचे बंधन ठेवण्यात आले.

प्रबंध आणि पदवी :

रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात ब्रिटिश धोरणावर कठोर टीका असल्याने परीक्षकांनी फेरमांडणी सुचविली. आंबेडकर एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले, सुधारित प्रबंध पुन्हा सादर झाला आणि वर्षअखेरीस लंडनची डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची अट मात्र अद्याप तशीच होती. तेथील प्रबंध विस्तारित स्वरूपात १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून, प्रसिद्ध केला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती आणि तो सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केलेला होता. छापील ग्रंथ जमा झाल्यावर जून १९२७ मध्ये पीएच.डी. अधिकृतपणे प्रदान झाली. प्रबंध लिहून झाला त्याला तेव्हा अकरा वर्षे होत आली होती. तीनच महिन्यांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. महाड आणि पनवेल हे दोन्ही तालुके तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते.