हँक विल्यम्स ज्युनियर अँड फ्रेंड्स (गीतसंग्रह)

'हँक विल्यम्स ज्युनियर अँड फ्रेंड्स' हा अमेरिकन कंट्री गायक व गीतकार हँक विल्यम्स ज्युनियर यांचा १९७५ साली प्रकाशित झालेला गीतसंग्रह (अल्बम) होय. तो एमजीएम रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. पारंपरिक कंट्री संगीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी लोकप्रिय होत असलेले सदर्न रॉक यांचा मेळ घालणारा एक महत्त्वाचा संग्रह म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. वडिलांच्या गाण्यांची पुनरावृत्ती करणारा गायक ही आपली ओळख पुसून स्वतःचा सूर शोधण्याचा विल्यम्स ज्युनियर यांचा हा निर्णायक प्रयत्न होता.

पार्श्वभूमी

हँक विल्यम्स ज्युनियर यांचा जन्म २६ मे १९४९ रोजी लुईझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे झाला. त्यांचे वडील हँक विल्यम्स (१९२३–१९५३) हे कंट्री संगीतातील सर्वांत प्रभावी गीतकार-गायकांपैकी एक मानले जातात. १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी मुलाचे वय चार वर्षांहूनही कमी होते. वडिलांनी त्यांना लाडाने 'बोसेफस' हे नाव दिले होते. ते त्या काळच्या एका विनोदी कलावंताच्या बोलक्या बाहुल्याचे नाव होते, आणि पुढे हँक ज्युनियर चाहत्यांमध्येही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

आई ऑड्री विल्यम्स यांनी मुलाच्या कारकिर्दीची सूत्रे हाती घेतली. वयाच्या आठव्या वर्षापासून ते रंगमंचावर वडिलांची गाणी गाऊ लागले. १९६४ मध्ये त्यांनी वडिलांचेच 'लाँग गॉन लोन्सम ब्लूज' हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि ते यशस्वी ठरले. त्याच वर्षी वडिलांच्या जीवनावरील 'युवर चीटिन हार्ट' या चित्रपटात पडद्यावर नट दुसरा असला, तरी आवाज पंधरा वर्षांच्या हँक ज्युनियर यांचा होता. श्रोत्यांना त्यांच्यात दिवंगत हँक विल्यम्सच हवे होते. या अवस्थेची जाणीव त्यांना लवकरच झाली. १९६६ मधील 'स्टँडिंग इन द शॅडोज' हे त्यांनी स्वतः लिहिलेले गीत वडिलांच्या छायेत वाढण्याविषयीच आहे.

१९७० मधील 'ऑल फॉर द लव्ह ऑफ सनशाइन' आणि १९७२ मधील 'इलेव्हन रोझेस' ही त्यांची गीते कंट्री संगीताच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. यश मिळत असतानाच मद्य व अमली औषधांचे व्यसन आणि कौटुंबिक ताण यांनी त्यांना ग्रासले. १९७४ मध्ये त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून वाचल्यानंतर त्यांनी नॅशव्हिल सोडले, अलाबामा राज्यातील कलमन या गावी बिऱ्हाड हलवले आणि आपल्या संगीताचा नव्याने विचार सुरू केला.

तत्कालीन संगीतविश्व

१९६० च्या दशकात नॅशव्हिलमध्ये तंतुवाद्यांचे मोठे ताफे आणि पार्श्वगायकांचे वृंद वापरून कंट्री संगीताला गुळगुळीत, शहरी रूप दिले जात होते. या पद्धतीला 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. तेथे गीताची निवड, वादक आणि वाद्यमेळ यांबाबत बहुधा निर्मात्याचाच शब्द अखेरचा असे. वेलॉन जेनिंग्ज, विली नेल्सन आदी गायकांनी या पद्धतीविरुद्ध बंड करून स्वतःच्या निवडीचे स्वातंत्र्य मागितले. त्यांच्या संगीताला 'आउटलॉ कंट्री' असे नाव पडले.

याच सुमारास दक्षिणेतील तरुण वादकांनी ब्लूज, कंट्री आणि रॉक यांच्या मिश्रणातून सदर्न रॉक ही शैली घडवली. १९६९ मध्ये स्थापन झालेला ऑलमन ब्रदर्स बँड हा या शैलीचा अग्रदूत मानला जातो. १९७३ मध्ये लिनर्ड स्किनर्ड आणि मार्शल टकर बँड यांचे पहिले संग्रह प्रकाशित झाले. दीर्घ गिटारवादन, ठसठशीत तालवाद्ये आणि दक्षिणेच्या मातीचा अभिमान ही या शैलीची ठळक वैशिष्ट्ये होत. हे वादक वयाने हँक ज्युनियर यांच्या पिढीचे होते आणि तेही कंट्री संगीत ऐकतच लहानाचे मोठे झाले होते.

निर्मिती

या संग्रहाचे ध्वनिमुद्रण नॅशव्हिलऐवजी अलाबामातील मसल शोल्स येथे करण्यात आले. टेनेसी नदीकाठचे हे छोटे शहर सोल आणि रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी प्रसिद्ध होते. अरिथा फ्रँकलिन आणि रोलिंग स्टोन्स यांच्यासारख्यांनी या परिसरात ध्वनिमुद्रण केले होते, तर ऑलमन ब्रदर्स बँडचे ड्वेन ऑलमन यांनी तेथेच इतरांच्या गाण्यांना गिटारची साथ करून नाव मिळवले होते. निर्माते म्हणून डिक ग्लासर यांनी काम पाहिले.

शीर्षकातील 'फ्रेंड्स' म्हणजे साथीला आलेली मित्रमंडळी. त्यांपैकी तीन नावे विशेष महत्त्वाची आहेत. मार्शल टकर बँडचे प्रमुख गिटारवादक व गीतकार टॉय कॉल्डवेल हे गिटार नखीऐवजी अंगठ्याने वाजवत, त्यामुळे त्यांच्या वादनाला निराळीच नाद-गोलाई लाभली होती. चार्ली डॅनियल्स यांचे गिटार आणि फिडल (लोकसंगीतात वाजवले जाणारे व्हायोलिन) या दोन्ही वाद्यांवर प्रभुत्व होते. ऑलमन ब्रदर्स बँडचे पियानोवादक चक लाव्हेल पुढे रोलिंग स्टोन्सचे दीर्घकाळचे साथीदार बनले.

सांगीतिक स्वरूप व प्रमुख गीते

या संग्रहात कंट्री संगीताचा पाया कायम आहे. साधी चाल, कथन करणारे शब्द आणि एकाकीपणा, विरह, मद्यालय यांसारखे जुने विषय त्यात आढळतात. त्यावर रॉकची इमारत उभारलेली दिसते. विद्युत गिटारला गायकाच्या बरोबरीचे स्थान मिळते, तालवाद्ये पुढे येतात आणि आवाजातील वडिलांची नक्कल लोप पावून खालच्या पट्टीतील भरदार, काहीसा खडबडीत स्वर ऐकू येतो. दोन शैलींची नुसती गोळाबेरीज करण्याऐवजी त्यांचा समान उगम उघड करणे, हे या मिश्रणाचे मर्म होय.

'लिव्हिंग प्रूफ' हे संग्रहाचे केंद्रवर्ती गीत मानले जाते. प्रसिद्ध पित्याची गाणी गात फिरणारा मुलगा, त्याला पित्याशी तोलणारे श्रोते आणि पित्याच्या दुःखाचा वारसाही आपल्याच वाट्याला येईल ही भीती, असा त्याचा आशय आहे. 'स्टोन्ड अ‍ॅट द ज्यूकबॉक्स' या गीतात नाणे टाकून गाणी वाजवणाऱ्या यंत्राशेजारी बसलेला भग्नहृदयी माणूस येतो. विषय पूर्णपणे पारंपरिक, पण मांडणी नवी, असे हे गीत आहे. 'कान्ट यू सी' हे टॉय कॉल्डवेल यांनी लिहिलेले आणि १९७३ मध्ये मार्शल टकर बँडने गायलेले गीत येथे कंट्री गायकाच्या तोंडी येते. पुढच्याच वर्षी वेलॉन जेनिंग्ज यांनीही ते ध्वनिमुद्रित केले. 'ऑन सुझन्स फ्लोअर' हे शेल सिल्व्हरस्टाइन आणि व्हिन्स मॅथ्यूज यांचे गीत, तसेच 'क्लोव्हिस, न्यू मेक्सिको' आणि 'मोंटाना साँग' ही गीतेही उल्लेखनीय आहेत.

अपघात आणि प्रकाशन

ध्वनिमुद्रण झाल्यावर, पण संग्रह प्रकाशित होण्यापूर्वी, ८ ऑगस्ट १९७५ रोजी मोंटाना राज्याच्या सीमेवरील एजॅक्स शिखरावर चढाई करताना पायाखालचे बर्फ सरकून विल्यम्स ज्युनियर सुमारे ५०० फूट खाली कोसळले. त्यांची कवटी व चेहऱ्याची हाडे अनेक ठिकाणी मोडली. चेहऱ्यावर अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि बोलणे व गाणे त्यांना पुन्हा शिकावे लागले. दाट दाढी, गडद चष्मा आणि टोपी ही त्यांची पुढील काळातील ओळख चेहऱ्यावरील व्रण झाकण्याच्या गरजेतून आली. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांच्या आईचेही निधन झाले. संग्रह लोकांपर्यंत पोहोचला तेव्हा गायक स्वतः मंचावर उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते.

प्रतिसाद व परिणाम

प्रकाशनाच्या वेळी या संग्रहाला मोठे व्यावसायिक यश लाभले नाही. वडिलांच्या शैलीची सवय असलेल्या जुन्या श्रोत्यांना हा बदल परका वाटला, तर रॉकच्या श्रोत्यांना हे नाव कंट्रीचे वाटत होते. पुढे मात्र याच वाटेने त्यांची कारकीर्द बहरली. १९७७ मधील 'द न्यू साउथ' या संग्रहाच्या निर्मितीत वेलॉन जेनिंग्ज यांचा सहभाग होता. १९७९ मधील 'फॅमिली ट्रॅडिशन' आणि 'व्हिस्की बेंट अँड हेल बाउंड' यांनी त्यांना आघाडीच्या गायकांत नेऊन बसवले. १९८७ व १९८८ अशी सलग दोन वर्षे त्यांना कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसाठी त्यांची निवड जाहीर झाली.

'लिव्हिंग प्रूफ' हेच शीर्षक त्यांनी १९७९ मध्ये आपल्या आत्मचरित्रालाही दिले.

मूल्यमापन

कंट्री आणि रॉक यांच्या सीमारेषेवर यापूर्वीही अनेकांनी प्रयोग केले होते, त्यामुळे हा संग्रह या प्रकाराचा आरंभ म्हणता येत नाही. त्याचे वेगळेपण गायकाच्या स्थानामुळे आहे. कंट्री परंपरेचा जन्मजात वारस समजला जाणारा गायक त्या परंपरेचा विस्तार करू पाहत होता. नंतरच्या काळातील त्यांच्या अनेक गाण्यांत दंगामस्ती आणि बढाईखोरी यांना अधिक वाव मिळाला. त्या तुलनेत या संग्रहातील आत्मपरीक्षणाचा सूर संयत आणि अधिक खोल वाटतो. वडिलांची गाणी त्यांनी यानंतरही सोडली नाहीत. १९८९ मध्ये वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला आपला आवाज जोडून त्यांनी 'देअर्स अ टिअर इन माय बिअर' हे युगुलगीत सादर केले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मात्र या वेळी ते वडिलांच्या शेजारी स्वतःच्या आवाजात गात होते, आणि तो आवाज १९७५ च्या या संग्रहात प्रथम स्पष्टपणे ऐकू आला होता.