विकतचा प्रकल्प

१९९१ साली पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आम्हा चौघांच्या गटाचा प्रकल्प होता ग्रंथालयाच्या देवघेवीचा. डीबेसमधला प्रोग्रॅम मी लिहिला. एकाने अहवाल टंकलिखित करून घेतला, दुसऱ्याने काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरे उमटवून आणली आणि चौथ्याने परीक्षकांच्या चहाफराळाचे पाहिले. गुण चौघांना सारखेच मिळाले. ज्या ग्रंथालयासाठी प्रोग्रॅम केला असे अहवालात म्हटले होते, तिथे तेव्हा संगणकच नव्हता. पुढच्या वर्षी आमचाच अहवाल मुखपृष्ठ बदलून दुसऱ्या एका गटाने दिला. झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी तो विकत घेतला होता.

याची खरी किंमत मला काही वर्षांनी कळली. एका पतसंस्थेसाठी मी ठेवींवरच्या व्याजाचा प्रोग्रॅम लिहून दिला आणि दुसरे काम धरले. माझ्या जागी आलेला मुलगा एका रविवारी कागदांची चळत घेऊन घरी आला. ‘‘सर, हा के-टू म्हणजे काय?’’ त्याने विचारले. मी तासभर कागद चाळले. मलाही सांगता आले नाही. त्या तिमाहीचे व्याज तिथल्या कारकुनांनी हाताने काढले.

आपले लिहिलेले दुसऱ्याला वाचता यायला हवे, हे शिकवायचा प्रयत्न जगात कुणी केला होता का? पदवी नसल्याने वाट दाखवणारे कुणी नव्हते. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड चाळत मी आपला आपण शोधत गेलो.

गोष्ट सुरू होते १९६८च्या ऑक्टोबरात. पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. संगणक स्वस्त आणि वेगवान होत चालले होते, पण त्यांच्यासाठी लिहिलेले मोठे प्रोग्रॅम वेळेत होत नव्हते, झाले तरी चुकत होते. पूल बांधणाऱ्यासारखी शिस्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही हवी, म्हणून परिषदेला मुद्दामच ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ असे डिवचणारे नाव दिले होते. त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. म्हणजे आपल्याकडचा धंदा आणि या शास्त्राचे बारसे एकाच वर्षीचे.

पण शिकवायचे कसे? वर्गात दिलेला प्रोग्रॅम एकटा विद्यार्थी लिहितो, गुण मिळाले की टाकून देतो. धंद्यात मात्र प्रोग्रॅम अनेकांनी मिळून लिहायचा असतो आणि तो लिहिणाऱ्याच्या नोकरीपेक्षा जास्त जगतो. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य कामाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५च्या पुस्तकात हेच दुखणे मांडले: उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली, तर ते आणखी लांबते. नव्या माणसाला जुने समजावून देण्यातच वेळ जातो. डेव्हिड पारनास यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच वर्गात एक प्रयोग केला होता. एकाच प्रोग्रॅमचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना दिले आणि मग ते अदलाबदल करून एकमेकांना जोडून पाहिले.

याच्या पुढचे पाऊल मला सापडले टोरंटो विद्यापीठात. जेम्स हॉर्निंग आणि डेव्हिड वॉर्टमन या दोन प्राध्यापकांनी अभ्यासक्रमालाच खेळाचे रूप दिले आणि १९७७ साली त्यावर निबंध लिहिला. खेळाचे नाव ‘सॉफ्टवेअर हट’. मोठ्या कंपन्यांना तेव्हा ‘सॉफ्टवेअर हाउस’ म्हणत. विद्यार्थ्यांची कंपनी तिथवर कुठून पोचणार, म्हणून तिची झाली झोपडी!

प्रत्येक गट म्हणजे एक छोटा धंदा. गटाने प्रोग्रॅमचा एक भाग लिहायचा आणि बाजारात मांडायचा. उरलेले भाग स्वतः न लिहिता दुसऱ्या गटांकडून विकत घ्यायचे. पैसा खेळातला, पण नफातोटा मोजला जाई. माल नीट लिहिलेला नसेल, सोबतची माहिती अपुरी असेल, तर गिऱ्हाईक शेजारच्या झोपडीत जाई. पुढे विकत घेतलेल्या, म्हणजे परक्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये बदलही करावे लागत. आपला ‘के-टू’ दुसऱ्याच्या डोक्याला ताप होतो, हे तिथल्या मुलांना वर्गातच कळत असणार. मला कळायला पतसंस्थेचे व्याज चुकावे लागले.

इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात ‘सॉफ्टवेअर हट’ हेच नाव पुढे वेगळ्या अर्थाने रुजले. माइक होल्कम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे खरे गिऱ्हाईक आणून बसवले: गावातले छोटे व्यावसायिक, धर्मादाय संस्था. एका गिऱ्हाइकासाठी अनेक गट चढाओढीने काम करत आणि त्यातले पसंत पडेल ते गिऱ्हाईक निवडी. १९९७ पासून वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी चालवलेली जेनेसिस ही कंपनीच अभ्यासक्रमाचा भाग झाली.

दोन्हींना आपण ‘विद्यार्थ्यांचा धंदा’ म्हणू, पण शिकवण एक नाही. शेफील्डचे गिऱ्हाईक प्रोग्रॅम बाहेरून पाहते: काम होते की नाही? टोरंटोचे गिऱ्हाईक स्वतः प्रोग्रॅमर, ते आत डोकावते: समजते की नाही? पहिल्याने माणसाची गरज ऐकायला शिकवले, दुसऱ्याने पुढच्या माणसासाठी लिहायला. होतकरू प्रोग्रॅमरला दोन्ही हवे. मात्र टोरंटोच्या खेळाला बाहेरचे कुणीच लागत नव्हते, वर्गातली मुलेच पुरत होती.

आपण ‘प्रकल्प’ हा शब्द घेतला, गटही घेतले. गिऱ्हाईक आणि वारसदार मात्र वाटेत गळाले. उरला तो बांधीव अहवाल, आणि तो बाजारात येणे मग ओघानेच आले. गंमत अशी, की टोरंटोतही मुले प्रोग्रॅम विकतच घेत होती. तिथे तो उघडपणे घेऊन, वाचून, दुरुस्त करावा लागे. आपल्याकडे तो लपून घेतात आणि उघडूनही पाहत नाहीत.

गेली काही वर्षे ओळखीचे प्राध्यापक भेटले, की मी एकच विनंती करतो. जानेवारीत, काम अर्धे झाले असताना, गटांच्या प्रोग्रॅमची अदलाबदल करा आणि पुढचे अर्धे दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर करायला लावा. खर्च काही नाही. बहुतेक जण हसून विषय बदलतात, गुण कुणाला किती द्यायचे ते विचारतात. एका बाईंनी मात्र करून पाहिले. पहिल्याच आठवड्यात वर्गात भांडणे झाली, असे त्यांनी फोनवर सांगितले. भांडण कशावरून, मी विचारले. दुसऱ्या गटाने दिलेली नावे समजत नाहीत, अशी मुलांची तक्रार होती.

ती भांडणे मिटवू नका, असे मी त्यांना सांगितले. त्या मुलाने आणलेले कागद अजून माझ्या कपाटात आहेत. के-टू म्हणजे काय, ते मला आजही आठवत नाही.